‘समजलं का?’ विचारून काय समजते?

जुलै महिन्यात घाटमाथ्यावर पावसाचा जोर वाढला, मलप्रभेचे पाणी चढू लागले आणि खानापूर भागातल्या ओढ्यांवरून पाणी वाहू लागले की सुट्टी जाहीर होते. मग रात्रीच माझ्या मोबाईलवर मुलांचे निरोप सुरू होतात. ‘सर, उद्या ऑनलाइन हाय काय?’ कुणी मराठीत विचारतो, कुणी कन्नडमध्ये, आणि बहुतेक सगळे इंग्रजी अक्षरांत. मार्च २०२० पूर्वी हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्या महिन्यात कॉलेजे बंद झाली. कर्नाटकात पदवी कॉलेजांची दारे पुन्हा उघडायला १७ नोव्हेंबर २०२० उजाडले, आणि एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत ती पुन्हा लागली. ते दिवस सरले, पण ऑनलाइन वर्ग काही सरला नाही. पावसाची सुट्टी, परीक्षेआधीची उजळणी, रविवार संध्याकाळचा जादा तास अशा निमित्तांनी तो आमच्याकडे मुक्कामालाच आला आहे.

तरीही स्टाफरूममध्ये त्याच्याविषयी बोलताना सूर एकच असतो. ‘ऑनलाइनमध्ये काही शिकवता येत नाही हो. नेटवर्क नाही, मुलांचे लक्ष नाही.’ दोन्ही खरे आहे. पण नेटवर्क उत्तम असलेल्या टिळकवाडीतल्या मुलालाही त्या तासात काही कळत नव्हते, हेही तितकेच खरे. तेव्हा नुसते टॉवरकडे बोट दाखवून भागत नाही. माझ्या मते अडचण आमचा आवाज मुलांपर्यंत पोहोचण्यात फारशी नव्हतीच. मुलांकडून आमच्याकडे काहीच परत येत नव्हते, खरी मेख तिथे आहे.

मी अर्थशास्त्र शिकवतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात साठ-पासष्ट मुले. पुस्तक इंग्रजी किंवा कन्नड, निम्म्या घरांत बोली मराठी, काही घरांत वडील मराठी बोलणारे आणि आईचे माहेर धारवाडकडचे. अशा वर्गात शिकवणाऱ्याचे डोळे सतत बाकांवरून फिरत असतात. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या कपाळावर आठी दिसली की वाक्य मराठीत फिरवून सांगायचे. मागच्या बाकावरचा बैलहोंगलचा मुलगा खाली बघू लागला की त्याला विचारायचे, ‘तिळीत?’ तो म्हणतो, ‘इल्ल री सर’, आणि मग तेच कन्नडमध्ये. हे कुठल्या पाठ्यटाचणात लिहिलेले नसते. सीमाभागातला प्रत्येक मास्तर हे करतो आणि करतो आहे हे त्याच्या ध्यानातही नसते. पडद्यावर मात्र पासष्ट चेहऱ्यांच्या जागी पासष्ट गोल, त्यांत इंग्रजी अक्षरे. कुठल्या गोलाला मराठी हवी आणि कुठल्याला कन्नड, हे कसे ओळखायचे?

एक साधी गोष्ट सांगतो. ‘डिमांड’ला मराठीत मागणी म्हणतात. हा शब्द फळ्यावर लिहिला की आमचा वर्ग दरवर्षी हसतो, कारण मागणी म्हटल्यावर मुलांना बाजार आठवत नाही, लग्न आठवते. मग मी म्हणतो, ‘बरोबर आहे. नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे. मागणी घालायची तर खिशात काहीतरी असावे लागते.’ इच्छा, ऐपत आणि खर्च करण्याची तयारी हे व्याख्येचे तिन्ही भाग त्या एका हशात बसतात. कन्नडमधल्या ‘बेडिके’ शब्दाला ही गंमत नाही, पण शेजारचा का हसतो हे कळल्यावर कन्नड मुलेही हसतात. २०२० च्या पावसाळ्यात हेच वाक्य मी फोनसमोर टाकले. सगळ्यांचे माइक बंद. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तेवढाच काय तो प्रतिसाद! तो हशा गेला, आणि व्याख्या मुलांपर्यंत गेली की नाही हे सांगणारी खूणही त्याच्याबरोबर गेली.

अशा वेळी माणूस साहजिकच विचारतो, ‘समजलं का?’ खाली भराभरा ‘यस सर, यस सर’ उमटू लागते. हा प्रश्न वर्गात चालतो, कारण तिथे उत्तर तोंडाने नाही, चेहऱ्याने मिळते. पडद्यावर तो निव्वळ वेळ घालवणारा आहे. न समजलेला मुलगा पासष्ट जणांपुढे ‘नाही समजले’ असे टंकणार कशाला? आणि काय समजले नाही हेच ज्याला समजलेले नाही, त्याने काय लिहावे? म्हणून हा प्रश्न मी ऑनलाइन तासातून काढूनच टाकला. त्याऐवजी विचारू लागलो, ‘तुमच्या घरात गेल्या महिन्यात कोणती वस्तू महाग झाली आणि तरीही तितकीच आणावी लागली?’ याला ‘यस सर’ हे उत्तर होऊ शकत नाही. मीठ, गॅस, आज्जीच्या बीपीच्या गोळ्या अशी उत्तरे आली आणि लवचिकता नसलेल्या मागणीचा धडा निम्मा तिथेच झाला.

प्रश्न विचारला की थांबायचे, हे दुसरे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गावर्गांत मोजून पाहिले होते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतो आणि पुढे बोलू लागतो. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांब येतात आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. समोरासमोरच्या वर्गाची ही गोष्ट. ऑनलाइनमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, मुलाला माइक सुरू करायचा असतो, घरच्यांना ‘गप्प बसा जरा’ म्हणायचे असते. तिथे तीन सेकंदांनी काय होणार? मी मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजतो. पहिल्यांदा ती शांतता असह्य होते. फोन बंद पडला की काय असे वाटते. पंधराव्या-सोळाव्या आकड्याला कुणीतरी खाकरते.

आणि सलग किती बोलायचे? आम्हा प्राध्यापकांना पंचेचाळीस मिनिटांची सवय. एडेक्स या ऑनलाइन शिक्षणसंस्थेच्या व्हिडिओंचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिले गेल्याच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहणाऱ्यांचे लक्ष साधारणपणे सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हते. आपण परदेशी अभ्यासाचा आकडा डोळे झाकून घेऊ नये, पण आमच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक हिशेब होता. तीन भावंडांत एक फोन आणि दिवसाला दीड जीबीचा पॅक. तासाभराचा व्हिडिओ वर्ग काहीशे एमबी खातो. थोरल्याचे दोन तास झाले की धाकट्याचा पॅक संपलेला. पाच मिनिटांच्या व्हॉइस मेसेजला मात्र एक-दोन एमबी पुरतात. म्हणून मी शिकवण्याचा भाग पाच-पाच मिनिटांच्या आवाजी तुकड्यांत आधीच पाठवू लागलो, त्याबरोबर हाताने लिहिलेल्या एका पानाचा फोटो. पानावर तीन रकाने: इंग्रजी, कन्नड, मराठी. फिक्स्ड कॉस्ट, स्थिर वेच्च, स्थिर खर्च. ‘स्थिर’ दोन्हींकडे एकच, हे पाहून मुलांची निम्मी भीती गेली. प्रत्यक्ष तास वीस-पंचवीस मिनिटांचा, आणि तो फक्त प्रश्नोत्तरांचा. फोन ठेवायला माझ्याकडे स्टँड नव्हता. पत्नीने चार स्टीलचे डबे एकावर एक रचून दिले; त्यातला वरचा साखरेचा, त्यामुळे तास संपेपर्यंत घरात चहा बंद!

उत्तर कुठल्या भाषेत द्यायचे हा मात्र वादाचा विषय झाला. परीक्षा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, मग सराव मराठीत कशाला, असे एका सहकाऱ्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. मुलाला मुद्दा कळला की नाही हे पाहण्याची वेळ वेगळी आणि तो परीक्षेच्या भाषेत लिहिता येतो का हे पाहण्याची वेळ वेगळी. पहिली पायरी घरच्या भाषेत होऊ द्यावी. दुसऱ्या पायरीला मी तेच उत्तर परत पाठवून सांगतो, आता तीन रकान्यांतले शब्द घेऊन हेच पेपरच्या भाषेत लिही. दोन भाषांत वाढलेल्या मुलाला हे जड जात नाही. तो आईशी एक आणि गल्लीत दुसरी बोलत दिवसभर हेच तर करत असतो.

वर्गात उदाहरण सांगावे लागते, आणि ऑनलाइन तासाला मूल उदाहरणाच्या मध्यभागी बसलेले असते. ही एक गोष्ट मात्र आमच्या चार भिंतींच्या वर्गाला कधीच जमली नव्हती. स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकवताना मी मुलांना सांगितले, आज पुस्तक उघडू नका, घरात किंवा दारात जो काही धंदा चालतो त्याच्याकडे बघा आणि काम बंद असतानाही कोणता खर्च चालू आहे ते शोधा. कुणाच्या दारात म्हैस होती, कुणाची रिक्षा उभी होती, कुणाचे पानाचे दुकान. म्हशीवाल्या मुलीने कळवले, ‘सर, म्हैस आटली तरी वैरण चालूच, मग वैरण स्थिर ना?’ तिच्यावर दहा मिनिटे वाद रंगला. मध्येच एका घरातून आज्जींचा आवाज आला, अस्सल कन्नडमध्ये, की म्हैस आटल्यावर पेंड कमी करतात, सगळीच वैरण सारखी कशी? आज्जी कधी शाळेत गेल्या होत्या की नाही कोण जाणे, पण तासभर बोलून मी जे सांगितले असते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

वडगावातल्या एका मुलाच्या घरी यंत्रमाग. आपल्याकडे माग म्हणा की मग्ग, कळायचे ते कळते. त्याचा निरोप मी अजून जपून ठेवला आहे. तो म्हणतो, ‘सर, माग बंद आहेत. सूत घेत नाही, मजुरी द्यावी लागत नाही, लाइट बिलही कमी. हे सगळे बदलते खर्च. शेडचे भाडे द्यावेच लागते, ते स्थिर. बँकेचा हप्ता सध्या थांबलाय, पण बाबा म्हणतात व्याज थांबलेले नाही.’ रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० पासून कर्जाच्या हप्त्यांना सवलत दिली होती, पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. त्या काळातले व्याज चढतच होते. पुस्तकात नसलेली ही बाब त्या पोराने बापाच्या तोंडून ऐकून बरोबर जागेवर बसवली होती. निरोपाच्या शेवटी त्याने एक प्रश्न विचारला, ‘सर, घरातले दोन वेळचे जेवण कुठल्या खर्चात धरायचे? पुस्तकात घरखर्च नाहीच.’

मी त्याला कळवले, उत्पादनाच्या खर्चात कुटुंबाचे जेवण धरत नाहीत, पण माग घरातलीच माणसे चालवत असतील तर त्यांच्या श्रमाचे मोल धरावे लागते, आणि ते कुणी देत नाही म्हणून ते नसते असे नाही. अर्थशास्त्राचे उत्तर तेवढेच होते. दुसऱ्या दिवशी त्याने लिहिले, ‘मग आमच्या घरात तो बदलता आहे.’ ताटातले काय कमी झाले हे त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्या आठवड्यात आमच्यातल्या तिघा-चौघांनी मिळून काही घरी धान्य पोहोचवले, त्यात ते एक घर होते.

जांबोटीच्या पुढच्या एका वाडीतली मुलगी या यादीत कुठेच दिसत नव्हती. ऑनलाइन तासाला ती एकदाही आली नाही. वाडीत नेटवर्क नाही, फोन वडिलांचा, आणि वडील पहाटे कामाला खानापूरला जाणार ते दिवेलागणीला परतणार. पण रोज सकाळी पावणेआठच्या सुमाराला वडिलांच्या क्रमांकावरून माझ्या फोनवर तिचे निरोप एकदम येऊन पडायचे. रात्री वडील घरी आले की ती माझे आवाजी तुकडे ऐके आणि उत्तरे बोलून ठेवी. ती फोनमध्येच थांबत. सकाळी वडील नेटवर्कच्या टापूत पोहोचले की आपोआप निघत, आणि माझे नवे तुकडे त्याच वेळी फोनमध्ये उतरत. संध्याकाळी तो माणूस अर्थशास्त्र खिशात घालून घरी नेई. टपालवाल्याचे काम त्याने महिनोन्‌महिने केले.

सत्राच्या शेवटी हजेरीचा प्रश्न निघाला. तासाला जोडणीवर नाव दिसले तर हजर, नाही तर गैरहजर, असे ठरू पाहत होते. मुलीची हजेरी शून्य. मी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकावर जोडणीची हजेरी, दुसऱ्यावर कुणी कोणत्या प्रश्नाला उत्तर दिले त्याची नोंद. हजेरी भरलेल्यांत कितीतरी नावे अशी होती की ज्यांनी अख्ख्या सत्रात अवाक्षर काढले नव्हते. फोन जोडून ठेवून झोपायची सोय होतीच. आणि त्या मुलीने एकही प्रश्न सोडला नव्हता. माझ्या विषयात तिचे भागले, पण आणखी दोन विषयांत नाव कमी हजेरीच्या यादीत लागले. तिचे वडील पहिल्या बसने आले. खिशातून फोन काढून ऑफिसातल्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘ह्यात सगळं हाय सायेब. कुठलंबी काढून ऐका.’ दोन बैठका झाल्या, आवाज चढले. शेवटी तिला परीक्षेला बसू दिले. बी. ए. झाली ती.

कॅमेऱ्याविषयी एक लिहायला हवे. ‘सगळ्यांनी कॅमेरा चालू ठेवा’ असा हुकूम सोडणारे शिक्षक मी पाहिले आहेत. एका खोलीचे घर, मागे आई चूल-भांडी करते आहे, बाबा बनियनवर बसले आहेत. ते पासष्ट जणांना दिसावे अशी कुठल्या मुलाची इच्छा असेल? मुलींना तर घरातूनच मनाई असते. चेहरा मिळवायचा हा मार्ग नव्हे. त्याऐवजी रोज पाच मुलांना त्यांच्या नावाने एक-एक मिनिटाचा निरोप पाठवावा, त्यात त्यांच्या उत्तरातली एखादी गोष्ट घेऊन बोलावे. पासष्ट मुलांची फेरी तेरा दिवसांत पुरी होते. निरोप मिळालेला मुलगा पुढच्या तासाला बहुधा बोलतो. सरांनी आपले ऐकले आहे हे त्याला कळलेले असते.

पालकांना एवढेच सांगेन की मागून उत्तर सुचवू नका. चुकीचे उत्तर मला जास्त उपयोगी पडते. आणि माझ्या प्रश्नासाठी मूल तुमच्याकडे काही विचारायला आले, घरभाडे किती, बियाणे कितीला आणले, तर ‘तुला काय करायचंय?’ म्हणून त्याला घालवू नका. आकडा सांगायचा नसेल तर सांगू नका, पण हिशेब कसा करता ते सांगा. मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा.

हे सगळे केले तरी जे हाती लागत नाही ते लागत नाहीच. २०२० च्या त्याच वर्गात एक हुशार मुलगा होता. तासाला त्याचे नाव रोज दिसे, उत्तरेही चटकन येत. पुढे उत्तरे तुटक होत गेली. एकदा त्याने बोलण्यासाठी माइक सुरू केला आणि मागून ग्राइंडरचा आवाज आला. संध्याकाळी मी फोन केला. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तो कामाला लागला होता. फोन खिशात, इअरफोन कानात, हात कामात. ‘तास चुकवत नाही सर,’ म्हणाला, ‘फक्त लिहायला हात मोकळे नसतात.’ वडिलांचे काम सुटले होते. मी त्याला म्हटले, रात्री कधीही बोलून पाठव, एका वाक्यात पाठव. काही दिवस त्याने पाठवले. नोव्हेंबरात कॉलेज उघडले तेव्हा पहिल्या दिवशी मी दारात उभा राहून एकेकाला आत येताना पाहत होतो. आवाजाने ओळखीची झालेली मुले प्रथमच चेहऱ्याने दिसत होती, काही तर मी मनात धरली होती त्याहून फार वेगळी. तो आला नाही. फोन केला तर म्हणाला, ‘सर, आता जमायचं नाही.’ मागे ग्राइंडर चालूच होता.

यंदाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची नावे त्यांच्या घरच्या फोनच्या वेळेसह मी जूनमध्येच वहीत लिहून घेतो: फोन कुणाचा, घरी किती वाजता असतो, नेटवर्क कुठे मिळते, आणि बोलायला कोणती भाषा सोपी पडते. चार रकाने. पाऊस सुरू व्हायच्या आत हे काम उरकावे लागते.